माझा सोळा वर्षांचा मुलगा डिप्रेशनच्या गोळ्या घेतो. त्याला 'डॅरियस द ग्रेट इज नॉट ओके' वाचायला द्यावं का? वाचून आणखी खचेल अशी भीती वाटते.

द्या. खचलाच तर पुस्तकाने नाही, घरच्यांच्या बोलण्याने खचेल.

आदीब खोर्रम यांची ही कादंबरी 2018 सालची. डॅरियस अमेरिकेत पोर्टलंडला वाढलेला, आई इराणी, बाप गोरा. आजोबांच्या मेंदूत गाठ आहे म्हणून सगळे इराणमधल्या यझ्दला जातात आणि तिथे त्याची सोहराब नावाच्या मुलाशी मैत्री जुळते. (मुंबई-पुण्यातल्या कित्येक इराणी हॉटेलवाल्यांचे आजे-पणजे याच यझ्दकडचे.) बाप-लेक दोघांनाही डिप्रेशन आहे, दोघंही गोळ्या घेतात आणि लेखक त्याचा बाऊ करत नाही. शेवटी गोळ्या फेकून देऊन कुणी 'बरा' होत नाही, हे मला फार आवडलं. आजोबा मात्र नातवाला सांगतात की औषधं म्हाताऱ्यांनी घ्यायची, तू चांगले विचार कर. तिथे मी पुस्तक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हेच मी नाशकात ऐकलं होतं, मराठीतून.

चुलतबहिणीचं लग्न होतं. मी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, गोळ्या सुरू होऊन पाच महिने झालेले. काकांचं डोकं दुखत होतं, क्रोसिन शोधायला त्यांनी माझी सॅक उघडली. चष्मा कपाळावर ढकलून स्ट्रिप ट्यूबलाइटखाली धरली आणि नाव अडखळत, मोठ्याने वाचलं. खोलीत गाद्या घालणारे सगळे थांबले.

"हे डोक्याचं ना रे? चांगलं चाललंय की तुझं. काय कमी आहे तुला?"

"काही नाही."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे आजही उत्तर नाही. "कार्य होईपर्यंत माझ्याकडे राहू दे, जरा चांगला विचार करायला शीक," म्हणत त्यांनी स्ट्रिप सदऱ्याच्या खिशात टाकली. आई खाली मान घालून उशांना अभ्रे घालत राहिली.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. मंगलाष्टकं चालू असताना हातातल्या अक्षता तशाच घेऊन मागे नळाशी धावलो आणि ओकलो. काकांनी पाहुण्यांना सांगितलं, पित्त. निघताना स्ट्रिप परत देत म्हणाले, "बघ, या गोळ्यांनीच झालं." नाही काका, गोळ्यांनी नाही, त्या एकदम बंद केल्याने झालं. त्या डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या असतात. तेव्हा तोंड उघडलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

फारसीत कुणाची उणीव भासली की 'तुमची जागा रिकामी होती' असं म्हणतात. कादंबरीचा सगळा जीव या वाक्यात आहे. आमच्या त्या लग्नाच्या ग्रुप फोटोत माझी जागा खरोखरच रिकामी आहे.

हां, तुमच्या प्रश्नाचं राहिलंच. इंग्रजी सोपं आहे, 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकेचे उल्लेख आणि फारसी शब्द भरपूर, अडलं तर सोडून पुढे जाता येतं. सुरुवातीला शाळेतली टवाळी आहे, ती त्याला लागू शकते. सध्या तो फारच खाली गेला असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही. कादंबरीचा दुसरा भाग 2020 साली आला, त्यात डॅरियसला बॉयफ्रेंड आहे. त्यावरून घरात भांडण होणार असेल तर तुम्ही मोठ्यांनी आधी आपसात भांडून घ्या, मुलासमोर नको.

आणि त्याचं वाचून झालं की घरात जो कुणी 'तुला काय कमी आहे' म्हणतो, त्याच्या हातात ठेवा. मी काकांना कुरियरने पाठवलं होतं. पोचल्याची सही आहे, फोन आलेला नाही.