कायदा मागायचा की पदं? दिव्यांग मुलांच्या पालकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही तालुक्यातले चौदा पालक एकत्र आलो आहोत. काही मुलं स्वमग्न आहेत, काहींना सेरेब्रल पाल्सी आहे, दोघांना ऐकू येत नाही. शाळा म्हणतात, ‘आमच्याकडे विशेष शिक्षक नाही.’ प्रत्येक शाळेला विशेष शिक्षक सक्तीचा करणारा कायदा आमदारांकरवी करून घ्यावा, असं वाटतं. मसुदा कसा लिहावा? – एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : मसुद्याला हात घालू नका. तुम्हाला जे हवं आहे ते बरंचसं आधीच लिहिलेलं आहे, आणि नवा कायदा मागितलात तर ‘कायदा आहेच’ एवढं सांगून मंत्री मोकळे होतील.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या शाळेत मुलाला भेदभावाविना प्रवेश मिळावा आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी व आधार मिळावा, हे त्याच्या कलम १६ मध्ये आहे. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देतं. विशेष शिक्षकांचं प्रमाणही ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात तो विषय धसास लावला आणि २०२२ मधल्या केंद्राच्या अधिसूचनेनं पहिली ते पाचवीसाठी दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, सहावी ते आठवीसाठी पंधरांमागे एक असं प्रमाण आलं. मार्च २०२५ मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करायला सांगितलं.

म्हणजे तुमचं घोडं अडलंय ते पदांवर. पदं आकड्यांवर मंजूर होतात, आणि आकडे येतात यू-डायसमधून, म्हणजे शाळा व विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या सरकारी नोंदप्रणालीतून. नेमकी इथेच मोठी गळती असते. मूल वर्गात बसतं, पण मुख्याध्यापकांनी त्याची दिव्यांग म्हणून नोंद केलेली नसते; कधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून, कधी पालकांनीच नको म्हटलं म्हणून. कागदावर मूल दिव्यांग नसेल तर त्याच्यासाठी शिक्षक कुठून येणार? तेव्हा पहिलं काम चौदाही मुलांची नोंद शाळेत जाऊन तपासणं. दिव्यांगत्वाचा प्रकारही पाहा. स्वमग्न मुलाची नोंद सर्रास ‘बौद्धिक दिव्यांग’ अशी होते.

दुसरं काम माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे द्या. मजकूर असा चालेल :

‘चालू शैक्षणिक वर्षात तालुक्यात इयत्ता पहिली ते आठवीत यू-डायसवर नोंदलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांची शाळानिहाय व प्रकारनिहाय संख्या, विशेष शिक्षकांची मंजूर, भरलेली व रिक्त पदे, प्रत्येक विशेष शिक्षकाकडील शाळांची यादी, त्यांच्या मागील सहा महिन्यांतील शाळाभेटींच्या नोंदींच्या प्रती.’

‘शिक्षक का नेमले नाहीत?’ असं विचारू नका. कार्यालयात कागदावर असेल तेच या कायद्याखाली मिळतं. कारणं विचारली की ‘प्रश्नार्थक माहिती देय नाही’ असं छापील उत्तर येतं. मुलांची नावंही मागू नका, तेवढ्यावरून अर्ज नाकारला जाईल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील करा.

शाळाभेटींच्या नोंदी आवर्जून मागा. न्यायालयानं पदं भरेपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून फिरत्या विशेष शिक्षकांची सोय सुचवली होती. एका शिक्षकाकडे किती शाळा आहेत आणि तो मुलापर्यंत महिन्यातून कितीदा पोचतो, हे त्या नोंदींतून दिसतं. तुमच्या मागणीचं खरं बळ त्या कागदात आहे.

प्रश्न : आमदारसाहेबांना तीनदा निवेदन दिलं. फोटो निघाले, पुढे काहीच झालं नाही. – पालक गट, नाशिक

उत्तर : निवेदन ही विनंती असते, सभागृहाच्या कामकाजात ती आपोआप जात नाही. तिथे जातो तो तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी) किंवा विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीपुढे आलेला अर्ज. म्हणून आमदारांच्या हाती प्रश्नाचा तयार मजकूरच द्या, एका पानाचा, सोबत माहिती अधिकारातल्या उत्तराची प्रत. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी दाखल करावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झालेला असतो.

एक चूक वारंवार होते. साध्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आणि दिव्यांगांच्या विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. एकाच प्रश्नात दोन्ही मिसळलं की तो या खात्याकडून त्या खात्याकडे फिरत राहतो. दोन प्रश्न वेगळे करा. विधानसभेचे आमदार दाद देत नसतील तर विधानपरिषदेत शिक्षक मतदारसंघातून निवडून आलेले सात सदस्य आहेत. शाळेतल्या पदांचा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा असतो.

प्रश्न : मग खरोखर नवा कायदा हवा, अशी जागा उरलीच नाही का? – एक वडील, ठाणे

उत्तर : उरली आहे, आणि तिथे पालकांनी पूर्ण जोर लावायला हवा. दोन जागा आम्हाला फार तातडीच्या वाटतात.

पहिली रजेची. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि मूल दिव्यांग असेल तर त्याच्या वयाची अट नाही. हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेला मात्र राज्याच्या नियमांत ती तरतूदच नाही म्हणून मुलाच्या उपचारांसाठी रजा नाकारली गेली. शालिनी धर्माणी खटल्यात, एप्रिल २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं त्या राज्याला धोरणाचा फेरविचार करायला लावला. खासगी नोकरीतल्या आईवडिलांना अशी रजा देण्याची सक्ती मात्र कोणत्याच केंद्रीय कायद्यात नाही. थेरपीसाठी आठवड्यातून तीन दिवस धावपळ करणाऱ्या आया यामुळेच नोकऱ्या सोडतात. कामगार हा विषय समवर्ती सूचीत असल्यानं खासदार आणि आमदार दोघांकडेही ही मागणी नेता येते.

दुसरी पालकत्वाची. ‘आमच्यामागे याचं कोण?’ या पालकांच्या काळजीला उत्तर म्हणून १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून अठरा वर्षांवरील मुलासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. पण हा कायदा फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांनाच लागू आहे. तीव्र मानसिक आजार असलेल्या तरुणाच्या आईवडिलांना ती वाट बंद. ही यादी वाढवायला संसदेत दुरुस्तीच हवी. याद्या वाढतात, हे लक्षात असू द्या : १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि स्वमग्नता त्यात नव्हती, २०१६ मध्ये एकवीस झाले.

अशी दुरुस्ती खासदार अशासकीय विधेयकातून, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याच्या विधेयकातून, मांडू शकतो; पण ते मंजूर होणं दुर्मीळ आहे. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तरीही ते मांडून घ्या. चर्चेला आलं तर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि शब्द नोंदीवर राहतात. तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासदार तिरुची शिवा यांचं अशासकीय विधेयक २०१५ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं, त्यानंतर सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं.

प्रश्न : मुलीचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. तोवर शाळा प्रवेश नाकारू शकते का? – लातूर

उत्तर : नाही. चाळीस टक्क्यांची अट कलम ३१ च्या मोफत शिक्षणाला आहे. कलम १६ मध्ये ती नाही. प्रवेश अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्या. नकारही लेखी मागा. तोंडी नकारावर तक्रार टिकत नाही. तरीही नाकारलं तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार करा. वकील लागत नाही. सोबत अर्जाची पोच, शाळेचं पत्र आणि प्रमाणपत्रासाठी केलेल्या ऑनलाइन अर्जाची पावती जोडा. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधितांनी तीन महिन्यांत त्यावर काय केलं ते कळवायचं असतं. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि दुसऱ्याच दिवशी स्मरणपत्र द्या.