कोणत्या तोंडानं सांगू?

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखी वस्तू सापडली. ती ई-सिगारेट निघाली. ‘मित्राची आहे’ म्हणाला. माझा हात उठला. चार दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. मी स्वतः सतराव्या वर्षापासून सिगारेट ओढतो. त्याच्यासमोर कधीच ओढली नाही, बाल्कनीतून चूळ भरून, शर्ट बदलूनच आत येतो. चारदा सोडली, चारदा पुन्हा धरली. पत्नी म्हणते, ‘तूच बोल.’ पण कोणत्या तोंडानं बोलू? मित्र तोडावेत का? लघवीची तपासणी करावी का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा त्या शर्टापाशी थांबले. तुम्ही इतकी वर्षं शर्ट बदलताय आणि मुलाला ते इतकी वर्षं ठाऊक आहे, असं मी खात्रीनं म्हणते. घरातल्या लपवलेल्या गोष्टी मुलांना सगळ्यांत आधी कळतात. त्यामुळे तोंड कोणतं, हा प्रश्न मनातून काढून टाका. जे आहे त्याच तोंडानं बोला.

आधी हात उगारल्याबद्दल माफी मागा. ‘पण तूही...’ असं शेपूट न लावता. मग समोरासमोर बसवून चौकशी करू नका. चालताना किंवा गाडीत, शेजारी शेजारी असताना बोला. नजर चुकवायची सोय असली की या वयाची मुलं जास्त बोलतात. स्वतःपासून सुरुवात करा : सतराव्या वर्षी पहिली कुणी दिली, वाटेल तेव्हा सोडू असं कसं वाटलं होतं, चारही वेळा काय झालं. हे त्याला कुठल्याही भित्तिपत्रकातून कळणार नाही. फुप्फुसांची भीती घालून पंधरा वर्षांचं मूल थांबत नाही, कारण तो आजार त्याच्या दृष्टीनं फार लांबचा असतो. ‘मला सोडायचंय आणि सोडता येत नाही’ हे बापाच्या तोंडून ऐकणं मात्र अगदी जवळचं असतं.

त्याला एक गोष्ट नीट सांगा. ती नुसती वाफ नाही. बहुतेक ई-सिगारेटमध्ये निकोटीन असतं, आणि हल्लीच्या पुष्कळशा उपकरणांत ते क्षाराच्या रूपात असल्यामुळे घशाला फारसा ठसका लागत नाही. तुम्हाला पहिल्या झुरक्याला जो खोकला आला असेल, तो इशारा त्याला मिळतच नाही. शिवाय आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून या वयात चटक लवकर लागते. रोज ओढायला लागण्याआधीच काही मुलांना तलफ जाणवू लागते.

मित्र तोडू नका. तोडायला गेलात तर तो लपवून भेटेल. पण मित्रांचा परिणाम खरा आहे. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याचा एक संगणकीय खेळ वापरून प्रयोग केला. बरोबरीची मुलं शेजारी बसली की किशोरवयीन मुलं जास्त धोके पत्करत होती, मोठ्या माणसांत तेवढा फरक पडत नव्हता. त्या क्षणी ‘नाही’ म्हणणं त्याला किती जड जात असेल ते ओळखा. त्याला सुटायला वाट ठेवा : एक ठरलेला शब्द त्यानं पाठवायचा, तुम्ही लगेच फोन करून ‘ताबडतोब घरी ये’ म्हणायचं. वाईटपणा तुमच्या माथी. आणि त्या रात्री उलटतपासणी नाही, हे वचन पाळायचं.

तपासणीही नको. घरच्या चाचणीचा निकाल फसवा असू शकतो आणि मूल फक्त ती चुकवायला शिकतं. त्याऐवजी शाळा सुटल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंतचे तास बघा. तेव्हा तो कुठे असतो, कुणाबरोबर, काय करतो? आइसलंडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात एकदा तरी दारूच्या नशेत होती. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं होतं. त्यांनी मुलांना खेळ, संगीत, नृत्य यांची दारं उघडून दिली. आईवडिलांनी एकमेकांशी ठरवून मुलं रात्री उशिरा बाहेर राहणार नाहीत हे पाहिलं, मुलांबरोबर जास्त वेळ घालवला. देशभर करायचं काम तुमच्या एकट्याच्या हातात नाही, पण त्याच्या चार मित्रांच्या घरी फोन करून एक वेळ ठरवणं आहे. फोनवर तक्रार करू नका, मदत मागा.

तो सकाळी उठल्याउठल्या चिडचिडा असेल, लक्ष लागत नसेल, झुरका मिळाल्याशिवाय राहवत नाही असं स्वतःच म्हणाला, तर डॉक्टरांकडे न्यायला वेळ लावू नका. निकोटीनची सवय सोडवायला मदत मिळते, आणि ती तुम्हालाही मिळू शकते. चारदा सोडलीत म्हणजे सोडण्याचा अनुभव तुमच्या गाठीशी आहे. पाचव्यांदा सोडताना या वेळी त्याला सांगून सोडा, आणि डॉक्टरांकडे दोघांचं नाव एकाच दिवशी नोंदवा.