ग्रिडलॉक म्हणजे तिढा, पेच की कोंडी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक जण अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तिथल्या राजकारणावरचा लेख मराठीत करतायत आणि 'ग्रिडलॉक' या शब्दापाशी अडलेत. कोणी तिढा लिहितं, कोणी पेच, कोणी गतिरोध, कोणी कोंडी, तर यातला नेमका कुठला घ्यावा? आणि त्याच्या जोडीला येणारं 'पार्टिझन' म्हणजे पक्षपाती असं लिहिलं तर चालेल का?

माझं मत आधीच सांगून टाकते, कोंडी. पण क्रियापद सांभाळून, कारण सगळा अर्थ तिथे फिरतो.

ग्रिडलॉक हा मुळात रस्त्यावरचा शब्द आहे. मॅनहॅटनचे रस्ते उभेआडवे आखलेले, चौकटीच्या वहीसारखे, दर थोड्या अंतरावर चौक. सिग्नल हिरवा झाला म्हणून गाडीवाला पुढे येतो, पण पुढचा रस्ता आधीच भरलेला, म्हणून तो चौकाच्या मधोमध अडकतो, मग आडव्या रस्त्यावरच्यांना हिरवा मिळाला तरी त्यांना जागा नाही, त्यांची रांग मागे वाढत वाढत आधीच्या चौकात शिरते, तिथेही तेच, आणि असे चार चौक एकमेकांत गुंतले की कोणालाच हलता येत नाही. एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या बस आणि सबवे कामगारांनी ११ दिवस संप केला, लोक आपापल्या गाड्या काढून निघाले, तेव्हा शहराच्या वाहतूक विभागातले इंजिनिअर सॅम श्वार्ट्झ यांच्यामुळे हा विभागातल्या माणसांचा शब्द पेपरांत आला आणि सगळ्यांच्या तोंडी बसला. त्यांना पुढे 'ग्रिडलॉक सॅम' हेच नाव पडलं. तिथून तो वॉशिंग्टनला गेला आणि १९९२ च्या अध्यक्षीय प्रचारात तर सर्रास ऐकू येत होता.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की चौकात शिरलेला प्रत्येक जण स्वतःच्या हिरव्या सिग्नलवर शिरलेला असतो. मुद्दाम आडवी गाडी घालणारा एखादा असेलही, पण तो नसला तरी ग्रिडलॉक होतो.

आता हे डोक्यात ठेवून आपले शब्द बघा. तिढा पडतो दोरीला, म्हणजे दोन टोकं धरून बसलेली माणसं आहेत आणि पीळ उलगडला की काम होणार आहे. जागावाटपाचा तिढा आपण म्हणतो ते अगदी बरोबर, कारण तिथे दोघांनाही शेवटी एकत्र लढायचं असतं. अमेरिकी संसदेत पुष्कळदा ही इच्छाच नसते. पेच वेगळा, पेचात काय करावं हेच कळत नाही. राष्ट्राध्यक्षांना घटनेच्या १४ व्या दुरुस्तीचा आधार घेऊन कर्जमर्यादा, म्हणजे सरकारने किती कर्ज काढायचं याची कायद्यातली सीमा, बाजूला ठेवता येईल का, हा जो वाद २०११ मध्ये आणि परत २०२३ मध्ये झाला तो खरा घटनात्मक पेच. पण ग्रिडलॉकमध्ये नियम सगळ्यांना पाठ असतात. सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, १०० जण आहेत, बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवून मतदानाला जायचं तर ६० मतं लागतात, ती नाहीत, झालं. त्यात कोडं काही नाही.

गतिरोध हा शब्द हिंदी पेपरांतून आलाय आणि तिकडे तो चांगला चालतोही, पण मराठी वाचकाला गतिरोध म्हटलं की गतिरोधकच आठवतो. गतिरोधकावर गाडी हळू होते आणि पुढे जाते. इथे ती जातच नाही, म्हणून तो मी वापरत नाही. चक्का जाम म्हणजे आंदोलन, ते कोणीतरी पुकारावं लागतं. खोळंबा हा तासा-दोन तासांचा, लोकलचा.

राहिली कोंडी. हिचं भाग्य असं की ग्रिडलॉकने रस्त्यावरून राजकारणात जो प्रवास केला तोच हिनेही केलाय, वाहतूक कोंडीही आपलीच आणि राजकीय कोंडीही. शिवाय कोंडणे, कोंडमारा, कोंडवाडा, श्वास कोंडणे हे सगळं गणगोत तिच्या मागे उभं आहे, त्यामुळे वाचकाला नुसतं थांबणं कळत नाही, घुसमटही कळते. दुसरी भाषा समोर ठेवून शब्द शोधताना इतका नेमका जोड क्वचित मिळतो.

आता ते क्रियापद. कोंडी होते, आणि कोंडी करताही येते. "विरोधकांनी मुख्यमंत्र्यांची कोंडी केली" यात एक जण दुसऱ्याला भिंतीला लावतो, हा राजकीय डाव झाला, ग्रिडलॉक नव्हे. अमेरिकेच्या बातम्या मराठीत करताना "डेमोक्रॅट्सनी ट्रम्प यांची कोंडी केली" किंवा "रिपब्लिकनांनी ओबामांची कोंडी केली" असं सहज लिहिलं जातं आणि मूळ मजकुरात नसलेला आरोप मराठीत घुसतो. मूळ लेखक एवढंच म्हणत असतो की काम अडलंय. म्हणून ग्रिडलॉकसाठी "कोंडी झाली", आणि कोणीतरी मुद्दाम अडवत असेल तर कोंडी शब्द न वापरता सरळ "अडवणूक". मेरिक गार्लंड यांचं उदाहरण घ्या. मार्च २०१६ मध्ये ओबामांनी त्यांचं नाव सुप्रीम कोर्टासाठी पाठवलं, सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताने सुनावणीसुद्धा घेतली नाही आणि २९३ दिवसांनी ते नाव आपोआप बाद झालं. इथे "नेमणूक रखडली" असं लिहिणं म्हणजे वाचकाला अर्धवट सांगणं, ती रखडवली, आणि सिनेटचे तेव्हाचे बहुमत नेते मॅककॉनेल यांनी ते उघडपणे सांगितलंही होतं. मराठीत रखडणं आणि रखडवणं यात एका 'व'चा फरक, पण जबाबदारी कोणाची हे तो एक 'व' सांगतो.

अडवणुकीवरून फिलिबस्टर. हा शब्द मुळात डच, समुद्रावर लूट करणाऱ्यांसाठीचा, स्पॅनिशमधून फिरत इंग्रजीत आला, आणि बोलत राहून सभागृह ताब्यात ठेवणाऱ्याला लागला. सिनेटर स्ट्रॉम थर्मंड १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलत उभे होते. त्याला "लांबलचक भाषण" म्हणून भागत नाही, आणि आजचा फिलिबस्टर तर बहुधा भाषणाशिवायच होतो, अडवणार एवढं कळवलं की पुरतं, मग ६० मतं जमवायची जबाबदारी समोरच्यावर. त्यामुळे पहिल्यांदा "फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून विधेयकाची अडवणूक" असं लिहा आणि पुढे बिनधास्त फिलिबस्टर.

शटडाऊनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही पण लेखात तो येणारच, आणि इथे मराठीची खरी गंमत आणि खरी अडचण दोन्ही आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरात माझ्या मेरीलँडच्या मावसबहिणीने फोनवर सांगितलं, "इकडे सरकार बंद आहे." माझ्या आईने लगेच विचारलं, "अगंबाई, पडलं का सरकार? मग निवडणूक कधी?" आईचं काहीच चुकलं नाही, आपल्याकडे पैशाच्या मंजुरीवर सरकार हरलं तर ते पडतंच, आणि पडणं म्हणजे काय हे आपण १९९९ च्या एप्रिलमध्ये पाहिलंय, विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७०, एका मताने वाजपेयींचं सरकार गेलं. आपल्या मनात सरकार म्हणजे मंत्रिमंडळ. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाळ ठरलेला, संसदेत विधेयक पडल्याने त्याच्या खुर्चीला काही होत नाही, पण १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होईपर्यंत संसदेने पैसा मंजूर केला नाही तर कार्यालयं बंद होतात. म्हणजे सरकार पडत नाही, सरकारी कामकाज ठप्प होतं. "सरकार बंद पडलं" पण नको, त्यात 'पडलं' आलं की वाचक आईसारखाच दचकणार. "सरकारी कामकाज ठप्प" किंवा नुसतं शटडाऊन.

टाळेबंदी तर अजिबात नको. हा शब्द गिरण्या-कारखान्यांचा, मालकाने कामगारांवर दबाव आणायला फाटक बंद केलं की टाळेबंदी, कामगारांनी काम बंद केलं की संप, आणि २०२० नंतर तो करोनाच्या लॉकडाऊनलाही चिकटलाय. शटडाऊनमध्ये संपही नाही आणि मालकाची टाळेबंदीही नाही. तसंच ज्यांना घरी बसवतात त्यांना 'फर्लो' दिला म्हणू नका, आपल्याकडे फर्लो म्हणजे कैद्याची संचित रजा, सक्तीची बिनपगारी रजा म्हणा.

पैशाची मंजुरी नसली की कार्यालय बंदच करायचं ही पद्धत तरी केवढी जुनी? संसदेने मंजूर न केलेला पैसा खर्च करू नये हा कायदा १८८४ पासून आहे, पण पुढची जवळजवळ १०० वर्षं मंजुरीला उशीर झाला तरी कार्यालयं चालू राहायची, नंतर हिशेब व्हायचा. एप्रिल १९८० मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेट्टी यांनी मत दिलं की या कायद्याचा अर्थ कामकाज थांबवणं असाच होतो. न्यूयॉर्कमध्ये ग्रिडलॉक शब्द लोकांच्या तोंडी आला तोच हा महिना. त्यानंतर १९९५-९६ च्या हिवाळ्यात २१ दिवस, २०१३ मध्ये १६, २०१८-१९ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये ४३ दिवस कामकाज ठप्प झालं.

त्या ४३ दिवसांत विमानतळावरचे तपासनीस आणि हवाई वाहतूक नियंत्रक पगाराशिवाय कामावर येत होते, नोव्हेंबरात ४० मोठ्या विमानतळांवरच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या, गरिबांच्या अन्नमदतीचे पैसे अडकले. माझी बहीण सरकारी खात्याचंच काम करते पण कंत्राटदार कंपनीमार्फत. सरकारी नोकरांना बुडालेला पगार नंतर देण्याचा कायदा २०१९ मध्ये झाला, त्यात कंत्राटी लोक नाहीत, तिचे सहा आठवड्यांचे पैसे गेले ते गेलेच. मी तिच्याशी बोलताना पहिल्यांदा मनापासून जाणवलं की 'राजकीय तिढा' हा शब्द तिच्या परिस्थितीला किती हलका पडतो. ती कोंडीत सापडली होती.

आणि त्या वेळी राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधीगृह तिन्ही रिपब्लिकनांकडेच होतं! सिनेटमध्ये ५३ असूनही ६० होत नव्हते, आणि डेमोक्रॅट्स आरोग्यविम्याच्या सवलती चालू ठेवा म्हणून अडून होते. त्यामुळे ग्रिडलॉक म्हणजे 'सत्ता दोन पक्षांत वाटलेली असणं' अशी व्याख्या कोणी दिली तर ती अपुरी आहे, आणि त्याला त्रिशंकू म्हणणं तर चूकच. त्रिशंकू म्हणजे कोणालाच बहुमत नाही.

आता पार्टिझन. पक्षपाती नको. ज्याने तटस्थ राहायला हवं तो एका बाजूला झुकला की तो पक्षपाती, अंपायर, परीक्षक, न्यायाधीश. सिनेटर उघडउघड पक्षाचा माणूस आहे, त्याने पक्षाला मत दिलं तर त्यात पक्षपात कसला. आपल्याकडे यासाठी 'पक्षाभिनिवेश' हा फार सुंदर शब्द आहे आणि तो विस्मरणात चाललाय याचं मला वाईट वाटतं. अभिनिवेश म्हणजे धरून बसणं, दुसरी बाजू ऐकूच न येणं. विशेषण हवं असेल तर पक्षीय, आणि मतदानाबद्दल असेल तर "सरळ पक्षाप्रमाणे मतं पडली". २०१० मध्ये आरोग्यविम्याचा कायदा झाला तेव्हा एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिलं नाही, २०१७ च्या करकपातीला एकाही डेमोक्रॅटने दिलं नाही, ही पक्षाप्रमाणे पडलेली मतं. याउलट १९६४ मध्ये नागरी हक्क विधेयकावरची अडवणूक मोडायला जी ७१ मतं पडली त्यात ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन होते, विरोधही दोन्ही पक्षांत होता आणि खरी फळी दक्षिण विरुद्ध बाकीचा देश अशी होती. हा बदल सांगायला 'फूट' वापरू नका, फूट एका पक्षात पडते आणि २०२२ नंतर महाराष्ट्रात तर हा शब्द ऐकला की शिवसेनाच डोळ्यासमोर येते. ध्रुवीकरण चालेल, पण आपल्या पेपरांत ते धर्मावरून मतं वळण्यासाठी इतकं वापरलं जातं की "पक्षीय ध्रुवीकरण" असं पूर्ण लिहावं. समाजाबद्दल बोलत असाल तर दुफळी. गावात दुफळी माजते तशी, एकाच गावातले दोन तट, आणि पाणवठा मात्र एकच.

'बायपार्टिझन'ला द्विपक्षीय लिहिलंत तर वाचकाला दोन देशांची चर्चा वाटेल, त्यापेक्षा "दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने". आणि नुसतं "काँग्रेसमध्ये कोंडी" असं लिहू नका, आपल्याकडे काँग्रेस म्हणजे पक्ष, म्हणून अमेरिकी संसद. सिनेटला अमेरिकी लावायची गरज मंडळाच्या अंकात नाही, इथे असती, कारण इथे सिनेट म्हटलं की विद्यापीठाची निवडणूक आठवते.

शेवटचा मुद्दा तुमच्या मसुद्यातल्या वाक्याचा, "अखेर १२ नोव्हेंबरला ही कोंडी फुटली." मी तिथे "सुटली" करीन. फुटली म्हटलं की अडथळाच मोडला असं वाटतं. प्रत्यक्षात सिनेटमध्ये डेमोक्रॅट्सच्या बाजूचे आठ जण रिपब्लिकनांसोबत आले, ६० मतं झाली, प्रतिनिधीगृहाने २२२ विरुद्ध २०९ ने पैशाच्या मंजुरीचं ते विधेयक मंजूर केलं आणि बहुतेक खात्यांना पैसा मिळाला तो ३० जानेवारी २०२६ पर्यंतचाच, विम्याच्या सवलतींचा प्रश्न होता तिथेच राहिला. चौकातल्या गाड्या तेवढ्या पुढे सरकल्या, चौक तसाच आहे. "सुटली" मध्ये ते बसतं.