सुईची वेळ हुकली, की नोंद चुकली?

प्रश्न : माझे मिस्टर 54 वर्षांचे. गेल्या ऑगस्टमध्ये सकाळी 6 वाजता डावा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं. पावणेसातला नागपुरातच धंतोलीतल्या खाजगी दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन 9 नंतर झाला. गुठळी विरघळवायची सुई दिली नाही. झोपेतला पक्षाघाताचा झटका आहे, वेळ निघून गेली, असं सांगितलं. पण साडेपाचला त्यांनीच नळाचं पाणी भरलं होतं, शेजारच्या काकूंशी बोलले होते. दुसऱ्या दिवशी सिस्टरने चहा पाजला, ठसका लागला, पुढे न्यूमोनिया झाला. फिजिओथेरपिस्ट नवव्या दिवशी आला. तोवर कमरेखाली जखम झाली होती. 4 लाख 10 हजार भरले, 60 हजार बाकी म्हणून फाइल देत नाहीत. पोलिसांत जाऊ का? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ताई, पोलीस तूर्त राहू द्या. जेकब मॅथ्यू खटल्यात (2005) सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांवरच्या फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली आहे. त्याआधी पोलिसांना मेडिकल किंवा मेयोसारख्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. त्यात वेळ जाईल आणि हाती फारसं लागणार नाही.

आधी फाइल काढा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. बिलाची बाकी हा वेगळा विषय, त्यासाठी फाइल अडवता येत नाही. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. कॅज्युअल्टीची पहिली नोंद, सीटीची फिल्म (कोपऱ्यात वेळ छापलेली असते), नर्सिंग चार्ट आणि फिजिओच्या नोंदी मागा.

आता सुईचं. ती साधारण साडेचार तासांच्या आत द्यायची असते, आणि हे तास माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून मोजतात. झोपेतून उठतानाच झटका आलेला असेल तर घड्याळ रात्रीपासून चालतं, मग दवाखान्याचं म्हणणं टिकतं. पण साडेपाचला ते नळावर उभे असतील तर मुदत 10 पर्यंत होती. पहिल्या कागदावर कोणी काय सांगितलं, कोणी काय लिहिलं, यावर सगळं अडलंय. खरं सांगू? या मुद्द्यावर मी हात राखूनच बोलेन. रक्तदाब फार वाढलेला, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, स्कॅनमध्ये रक्तस्राव, यातलं काही निघालं तर सुई न देणंच बरोबर ठरतं.

तुमची खरी बाजू चहात आणि त्या जखमेत आहे. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येतं का, हे तपासल्याशिवाय तोंडाने घोटभर पाणीही द्यायचं नसतं. ही तपासणी चार्टवर दिसली नाही, तर दवाखान्याला उत्तर देणं जड जाईल. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद नसेल तर जखमेचंही तेच. फिजिओबद्दल मात्र जपून लिहा. पहिल्याच दिवशी उभं का केलं नाही, असा आरोप करू नका. पहिल्या 24 तासांत फार हालचाल करवल्याने नुकसान होऊ शकतं, असं 2015 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. नऊ दिवस कोणी हातच लावला नाही, ही तक्रार वेगळी, आणि ती टिकते.

सिस्टरच्या चुकीला दवाखानाही जबाबदार असतो. प्राथमिक पुरावा तुम्ही दिलात की चूक झाली नाही हे त्यांनी दाखवायचं, असं सविता गर्ग प्रकरणात (2004) ठरलं आहे.

तक्रार नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात, सिव्हिल लाईन्सला. मुदत दोन वर्षं. आयोगाची फी दवाखान्यात भरलेल्या रकमेवर ठरते, 5 लाखांपर्यंत ती लागतच नाही. घरी येणाऱ्या फिजिओच्या आणि आयाबाईच्या पावत्या, बुडालेला पगार, जखमेचे तारखेसह फोटो, सगळं जपा.

60 हजार भरावेच लागले तर 'हक्क राखून' असं लिहून भरा. 'काही तक्रार नाही' अशा छापील कागदावर सही नको. आणि काकूंचं प्रतिज्ञापत्र याच आठवड्यात करून घ्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना साडेपाच आठवतील, की साडेसहा, कोण सांगणार?