स्मायली वाचायला घेताय?

जॉन ल कारेची स्मायली-मालिका (ब्रिटिश गुप्तहेर जॉर्ज स्मायलीच्या कादंबऱ्या) पहिल्या पुस्तकापासूनच वाचा, असं बरेच जण सांगतील. मला पटत नाही. १९६१चं 'कॉल फॉर द डेड' बरंचसं खुनाच्या तपासाच्या वळणाचं आहे. आधी १९६३चं 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' घ्या. त्यातला पूर्व जर्मन हेर मुंट पहिल्या पुस्तकातून आलाय, पण त्यावाचून अडत नाही.

'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'ला (१९७४) रटाळ म्हणणारेही भेटतील. संथ आहे खरं; स्मायली जुन्या फायली चाळतो, निवृत्त सहकाऱ्यांना बोलतं करतो. पण ब्रिटिश हेरखात्यातला फितूर सापडतो तो त्यातूनच! नावं कागदावर टिपत चला. बीबीसीची १९७९ची मालिका (अ‍ॅलेक गिनेस स्मायली म्हणून अफलातून!) मात्र पुस्तक संपल्यावरच बघा.