ब्रिटिश लोक 'डूलॅली' म्हणतात त्याचा अर्थ काय? हा शब्द भारतातून गेलाय का?

तुमच्या लंडनच्या मॅनेजरनं 'सर्व्हर डूलॅली झालाय' असं लिहिलंय ना? सर्व्हरचं डोकं फिरलंय, एवढंच त्याला म्हणायचंय. आणि हो, शब्द इथूनच गेलाय. डूलॅली म्हणजे आमची देवळाली, नाशिकरोडच्या शेजारची. माझं माहेर.

इंग्लंडमध्ये लेस्टरला मी वृद्धाश्रमात काम करायचे. तिथले एक आजोबा रोज दुपारी कोट चढवून दाराशी उभे राहायचे, बायको न्यायला येणार म्हणून. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. सोबतची मुलगी कपाळाशी बोट फिरवत म्हणाली, "डूलॅली झालेत." शब्द कुठला, तिला ठाऊक नव्हतं. रात्री शोधलं आणि मला झोपच लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिला आमच्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीचा फोटो दाखवला. तिनं नाव दोनदा वाचलं आणि गप्प झाली.

१८६१ मध्ये देवळालीला ब्रिटिशांची छावणी झाली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायच्या बोटीसाठी तिथे थांबायचे. बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच सुटायच्या. त्यानंतर मुदत भरली, की अख्खा उन्हाळा-पावसाळा तिथेच. काम नाही, पगार दारूत, कुणाला मलेरिया, कुणी मारामारी करून कोठडीत. असा एखादा भ्रमिष्टासारखा वागू लागला की म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झालाय. टॅप म्हणजे इंग्रजी टिचकी नव्हे, आपला ताप. पुढे ताप उतरला, गावाचं नाव तेवढं चिकटून राहिलं.

आमचे धाकटे भाऊजी प्रत्येक लग्नात सांगतात, देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला. साफ चूक. ब्रिटिश फौजेतल्या फ्रँक रिचर्ड्स या शिपायानं १९३६ मध्ये छापलेल्या आठवणींत या शब्दाचं मूळ म्हणून छावणीतला कंटाळा सांगितलाय, इस्पितळ नव्हे. तुम्हाला कुणी इस्पितळाची गोष्ट सांगितली तर तिथेच खोडून काढा. लष्करी दवाखाना होता, त्यात असे शिपाई ठेवलेही असतील, पण माणसं बिघडली ती वाट बघून बघून.

मॅनेजरवर रागावू नका. आज शब्द सौम्य आहे, रागानं भडकण्यालाही वापरतात, एखाद्या गोष्टीमागे खुळं होण्यालाही. यंत्राला खुशाल म्हणा. त्या आजोबांना मात्र माझ्यासमोर पुन्हा कुणी म्हटलं नाही.