सॉल्व्हर ‘नाही’ म्हणतो, सिम्युलेशन ‘हो’

प्रश्न : नॉइज आणि विलंब असलेल्या माझ्या न्यूरल नेटवर्कसाठी एलएमआय (रेषीय मॅट्रिक्स असमता, स्थैर्य तपासण्याची अट) सॉल्व्हर ‘इनफीजिबल’, म्हणजे उकल नाही, असं दाखवतो. सिम्युलेशनचे वीसही मार्ग (नॉइजच्या वेगवेगळ्या नमुन्यांवरच्या धावा) मात्र शून्यावर येतात. खरं काय मानू?

उत्तर : आधी सिम्युलेशनकडेच संशयाने पाहा. तुमची एलएमआय मीन-स्क्वेअर स्थैर्याबद्दल (अवस्थेच्या वर्गाची सरासरी शून्यावर जाते का) बोलते, मार्ग दुसरंच काही दाखवतात. विलंब नसलेला एकच न्यूरॉन घ्या: क्षय-दर १, नॉइज अवस्थेच्या २ पट. मार्गाचा घातांक (वाढीचा दर) −१−२, म्हणजे −३; जवळजवळ प्रत्येक मार्ग शून्यावर जातो. वर्गाच्या सरासरीचा घातांक मात्र −२+४, म्हणजे +२, ती फुटते. ती फोडणारे मार्ग इतके विरळ असतात की विसात सापडतच नाहीत.

आता सॉल्व्हर. एलएमआय ही पुरेशी अट आहे, आवश्यक नाही. ती सुटली नाही म्हणून अस्थैर्य सिद्ध होत नाही. समजा क्षय-दर १, विलंबित फीडबॅकचं वजन −२, फंक्शन टॅनएच (हायपरबोलिक टॅन्जंट). विलंब कितीही असला तरी चालेल असा निकष लावला, तर क्षय-दराची दुप्पट ही वजनाच्या निरपेक्ष किमतीची दुप्पट अधिक नॉइज-गुणांकाचा वर्ग यांहून मोठी हवी. इथे २ विरुद्ध ४, म्हणजे नॉइज शून्य असूनही नापास. तरी नॉइजविना, शून्याभोवतीच्या रेषीय समीकरणात सीमेवरची कोनीय वारंवारता √३ आणि फेज २.०९४ रेडियन येते, फेजला वारंवारतेने भागलं की विलंबाची मर्यादा मिळते, १.२०९ सेकंद. तिथपर्यंत हे नेटवर्क स्थिर आहे. तेव्हा विलंबाची कमाल मर्यादा वापरणारं ल्यापुनॉव्ह–क्रासोव्हस्की फंक्शनल (विलंबाच्या काळातला इतिहासही मोजणारं ऊर्जेसारखं फंक्शन) घ्या.

त्यातही एक सापळा आहे. नॉइज नसलेल्या नेटवर्कसाठी या फंक्शनलमधलं दुहेरी इंटिग्रल अवस्थेच्या डेरिव्हेटिव्हवर लिहिलेलं असतं. इथे नॉइजमुळे डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नाही. त्याजागी ड्रिफ्ट (समीकरणाचा नॉइजविना भाग) लिहा, आणि आताची अवस्था वजा विलंबित अवस्था यात नॉइजचं इंटिग्रलही उरतं, ते टाकून देऊ नका. इटोची ट्रेस-संज्ञा (नॉइजच्या वर्गातून येणारी जादा संज्ञा) विसरली, तर एलएमआय सुटेलही, पण निष्कर्ष चुकीचा असू शकतो.

प्रश्न : गुणांक १० टक्क्यांनी इकडेतिकडे झाले तर?

उत्तर : वरच्याच उदाहरणात क्षय-दर ०.९ आणि वजन −२.२ ही सर्वांत वाईट जोडी. मर्यादा १.२०९ वरून ०.९९२ सेकंदावर येते. हे गुणांक स्थिर राहिले तर. काळानुसार बदलत असतील तर या आकड्यावर विसंबू नका, अनिश्चितता एलएमआयमध्येच घाला. नॉइजही स्थैर्याच्या याच शिलकीतून खातो: रेषीय रूपात विलंब शून्य असताना नॉइज-गुणांकाचा वर्ग ६ पर्यंत चालतो, विलंब मर्यादेजवळ गेला की ही मुभा शून्याकडे जाते.

सिम्युलेशनसाठी ऑयलर–मारुयामा (नॉइज असलेलं समीकरण पायरीपायरीने सोडवण्याची पद्धत) चालवताना काळाची पायरी विलंबाला नेमका भाग जाईल अशी निवडा, विलंबाचा शंभरावा भाग पुरेसा. नॉइजच्या संज्ञेला पायरीच्या वर्गमुळाने गुणा, पायरीने नव्हे. नाहीतर पायरी लहान करत गेलं की नॉइजच नाहीसा होतो.